कडक शिक्षा की सुधारणा? फाशी, जन्मठेप, पॅरोल आणि सुटकेनंतरचं आयुष्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा भयंकर गुन्हा घडला की गावागावांत मोर्चे निघतात आणि ‘भर चौकात फाशी द्या’ ही मागणी होते. त्यामागचं दुःख खरं असतं, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण मोर्चा घरी गेल्यावरही शिक्षेचा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो चर्चेत, चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या वर्गात पुन्हा पुन्हा निघतो. तिथे विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे आणि ती वेळेत झाली पाहिजे. शिक्षा भोगून बाहेर येणारा माणूस पुन्हा तिकडे वळणार नाही, याची तयारी मात्र तो आत गेल्याच्या दिवसापासून व्हायला हवी.

कैद्याला सुधारायचं म्हणजे त्याचे लाड करायचे का?

नाही. तुरुंगात टाकणं हीच शिक्षा असते. घरदार सुटतं, पोरांचं मोठं होणं डोळ्यांआड जातं, कधी उठायचं आणि कधी झोपायचं हे दुसरा ठरवतो. न्यायाधीश एवढीच शिक्षा सुनावतो. बराकीतली मारहाण, कूस बदलायला जागा नसणं, आजारपणात औषध न मिळणं हे कुठल्याही निकालपत्रात लिहिलेलं नसतं. सुनील बत्रा खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली : तुरुंगाच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत, कैदेमुळे अपरिहार्यपणे जातात तेवढेच जातात. त्याच्या आदल्या वर्षी मोहम्मद गियासुद्दीन खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांनी शिक्षेचा हेतू सूड नसून पुनर्वसन असावा, असं स्पष्टपणे मांडलं होतं.

शिवाय साधा व्यवहार बघा. फाशी झालेले आणि तुरुंगातच वारलेले सोडले तर आत गेलेला प्रत्येक माणूस एक दिवस बाहेर येतो आणि आपल्याच गल्लीत, आपल्याच एसटीत बसतो. तो कसा होऊन बाहेर येतो, यात आपला स्वार्थ आहे.

शिक्षा जबर केली की गुन्हे कमी होतात, हे खरं नाही का?

जरब बसते, पण ती शिक्षेच्या आकड्याने फारशी बसत नाही. आपण पकडले जाऊ आणि लवकर पकडले जाऊ, या खात्रीने ती बसते. इटालियन विचारवंत चेझारे बेकारिया यांनी हे १७६४ साली लिहिलं आणि त्यानंतरच्या गुन्हेशास्त्रातल्या बहुतेक अभ्यासांचा कल त्याच बाजूला आहे. गुन्हा करणारा माणूस कलमं वाचून ‘सात वर्षं असतील तर करतो, दहा असतील तर नको’ असा हिशेब मांडत नाही. दारूच्या नशेत, रागात किंवा टोळीच्या जोरावर गुन्हा करणारा तर मुळीच नाही. आणि हिशेब मांडणारा असेल तर त्याचा प्रश्न एकच असतो : आपण सापडू का?

आता आपल्याकडची स्थिती पाहू. २०१३ मध्ये बलात्काराच्या कायद्यातल्या शिक्षा वाढवल्या. २०१८ मध्ये बारा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्कारासाठी फाशीची तरतूद झाली. २०१९ मध्ये बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यातही फाशी आली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर करून आणखी कठोर शिक्षा सुचवल्या. एवढं सगळं होऊनही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत बलात्काराच्या निकाली निघालेल्या खटल्यांत दोषसिद्धीचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आतच होतं. पंचनामा धड होत नाही, न्यायवैद्यक अहवालाला महिनोन्‌महिने लागतात, साक्षीदाराला तारखांमागून तारखांना बोलावून घरी पाठवतात, शेवटी तो फुटतो किंवा कंटाळतो. या साखळीतली एकही कडी शिक्षेचा आकडा वाढवून मजबूत होत नाही. एक चांगली प्रयोगशाळा आणि साक्षीदाराला खरं संरक्षण यांनी जी जरब बसेल, ती कायद्यात ‘फाशी’ हा शब्द घालून बसणार नाही.

अमेरिकेचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये ‘तीन गुन्हे, मग किमान २५ वर्षं ते जन्मठेप’ असा कायदा केला. त्याखाली तीन गोल्फ-काठ्या चोरणाऱ्या एका माणसाला, आधीच्या गुन्ह्यांमुळे, किमान २५ वर्षांची शिक्षा झाली आणि २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायमही केली. तुरुंग ओसंडून वाहू लागले. अखेर २०१२ मध्ये मतदारांनीच कौल देऊन तो कायदा सौम्य केला.

निदान क्रूर गुन्ह्यांना तरी फाशी हवीच ना?

इथे माणसं प्रामाणिकपणे दोन बाजूंना उभी आहेत. मी विरोधात आहे.

आपला कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९८० च्या बचनसिंग निकालाने फाशी घटनाबाह्य ठरवली नाही, पण ती ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणांपुरती मर्यादित केली. फाशी देण्याआधी आरोपी सुधारण्याची शक्यता नाही, हे सरकारने दाखवून द्यायचं असतं. ही अट अनेक वर्षं कागदावरच राहिली. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालाने खालच्या न्यायालयांना सांगितलं की आरोपीचं बालपण, मानसिक स्थिती, तुरुंगातलं वर्तन यांची माहिती खटल्याच्या टप्प्यावरच मागवा. याचा अर्थ फाशी सुनावतानासुद्धा सुधारणेचा प्रश्न विचारणं कायद्याने बंधनकारक आहे. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं.

महाराष्ट्रात फाशी येरवडा आणि नागपूर इथे होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातल्या अजमल कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात आणि १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतल्या याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी नागपुरात फाशी दिली गेली. त्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या २६२ व्या अहवालात दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी अशी शिफारस केली. निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीनेही जानेवारी २०१३ मध्ये बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती. देश संतापाने पेटलेला असताना त्या समितीने पोलीस सुधारणा, वैद्यकीय तपासणीची पद्धत आणि तक्रार नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्यांची जबाबदारी यांवर बोट ठेवलं. मला तो अहवाल आजही धाडसाचा वाटतो.

फाशीच्या वाटेवर प्रकरणं किती रखडतात, याचं कोल्हापूरचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. लहान मुलांची अपहरणं आणि खून करणाऱ्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली. दयेचा अर्ज निकाली काढायला सरकारी यंत्रणेने इतकी वर्षं लावली की जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या दिरंगाईसाठी फाशीची जन्मठेप केली. ज्यांची लेकरं गेली त्या आईबापांनी वीस वर्षं दर काही महिन्यांनी ती बातमी नव्याने वाचली. वेळेत मिळालेली जन्मठेप त्यांना यापेक्षा नक्कीच कमी छळणारी ठरली असती.

मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणातही तिघांची फाशी नोव्हेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. पण त्याच निकालात त्यांना पॅरोल आणि फर्लो, म्हणजे तुरुंगातून घरी जायची रजा, मिळणार नाही, असंही बजावलं. फाशी नाकारली म्हणजे आरोपी सुटला, असं समजण्याचं कारण नाही.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं ना? आणि दिवस-रात्र वेगळे मोजतात म्हणे?

दोन्ही चूक. दिवस आणि रात्र मिळून एकच दिवस मोजला जातो. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. गोपाळ गोडसे यांनी गांधीहत्येच्या खटल्यातल्या आपल्या जन्मठेपेबाबत नेमका हाच मुद्दा काढला होता, की सूट धरून वीस वर्षं झाली, आता सोडा. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला.

मग ‘चौदा’ हा आकडा कुठून आला? ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर सरकारला किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येत नाही. ही खालची मर्यादा आहे. त्यानंतर सुटका होईलच, असा हक्क कुणालाही नाही. शिवाय २००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालापासून वरिष्ठ न्यायालयं ‘वीस वर्षं सूट नाही’, ‘तीस वर्षं सूट नाही’ किंवा ‘मरेपर्यंत’ अशी जन्मठेपही देतात.

राज्य सरकार वाटेल त्याला सोडू शकतं का? बिल्किस बानो प्रकरणात तसंच झालं ना?

ते प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात महाराष्ट्राचा थेट संबंध होता. सामूहिक बलात्कार आणि खुनांचा तो गुन्हा २००२ मध्ये गुजरातेत घडला. निष्पक्ष सुनावणीसाठी खटला मुंबईत चालवला गेला आणि २००८ मध्ये इथल्या न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्यांना सोडलं. तुरुंगाच्या दारात त्यांचे हारतुरे झाले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, कारण शिक्षा ज्या राज्यात झाली त्याच राज्याचं सरकार, म्हणजे महाराष्ट्र, निर्णय घेऊ शकलं असतं. अकराही जण परत तुरुंगात गेले.

सुधारणेची बाजू घेणाऱ्यांनी या प्रकरणात गप्प बसू नये. सुधारणा म्हणजे राजकीय मेहेरबानी नव्हे. शिक्षेत सूट द्यायची तर गुन्ह्याचं स्वरूप, तुरुंगातलं वर्तन, पीडितेचं म्हणणं, पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता या सगळ्याचा लेखी विचार हवा आणि तोच निकष गरीब, अनोळखी कैद्यालाही लागला पाहिजे. ओळखीच्या माणसाला सूट आणि बाकीच्यांना नियम, असं झालं की लोकांचा सुधारणेच्या कल्पनेवरचाच विश्वास उडतो. तो उडण्यात लोकांची चूक नाही.

पॅरोल आणि फर्लो यांत फरक काय? कैद्याला सुट्टी कशाला हवी?

पॅरोल म्हणजे अभिवचन रजा : घरात मृत्यू, गंभीर आजारपण, लग्न अशा कारणासाठी. फर्लो म्हणजे संचित रजा : ठरावीक शिक्षा भोगून झाल्यावर, वर्तन चांगलं असेल तर, विशेष कारण नसतानाही मिळणारी. महाराष्ट्रात यासाठी १९५९ पासून नियम आहेत, त्यांत वेळोवेळी बदल झाले आहेत. काही गुन्ह्यांच्या कैद्यांना फर्लो मिळत नाही. रजेवरून वेळेत परतला नाही तर नवा गुन्हा दाखल होतो आणि पुढच्या रजा अडचणीत येतात.

सुट्टी कशाला? दहा-बारा वर्षं एकदाही घर न पाहिलेला माणूस बाहेर येतो तेव्हा त्याला बायको ओळखत नाही, मुलं जवळ येत नाहीत, गावातली वाटणी त्याच्या मागे झालेली असते. अशा माणसाला उघड्या हातांनी घेतं कोण, तर त्याची जुनी टोळी. वर्षाकाठी काही आठवडे घरी जाऊन वेळेत परत येणारा कैदी स्वतःची जबाबदारी सिद्ध करत असतो आणि तुरुंगालाही त्याची पारख करता येते. आपल्या तुरुंगांमध्ये ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो, त्यात मुलांना मधल्या जाळीशिवाय आईला किंवा बापाला भेटता येतं. मुलाचा तर काही गुन्हा नसतो.

एन्काउंटर झालं की लोक फटाके वाजवतात. झटपट न्याय मिळाला तर बिघडलं काय?

बिघडतं ते असं की खरा गुन्हेगार तोच होता का, हे कधीच सिद्ध होत नाही. हैदराबादमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार संशयित पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, देशभर पेढे वाटले गेले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आपल्या विदर्भातले. २०२२ मध्ये त्या आयोगाने निष्कर्ष काढला की पोलिसांनी ठार करण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या होत्या, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा असं सांगितलं. मेलेल्यांपैकी काही जण त्या वेळी अल्पवयीन होते, असंही आयोगाने म्हटलं.

बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याच्यावरचा खटला तिथेच संपला. त्या लहानग्या मुलींच्या बाजूने न्यायालयाने दिलेला निकाल त्यांच्या आईबापांच्या हातात कधीच येणार नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

अल्पवयीन मुलगा दोन जीव घेतो आणि निबंध लिहून सुटतो, हीच का सुधारणा?

पुण्यातल्या कल्याणीनगरचं प्रकरण. १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव आलिशान गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना घातलेल्या अटींमध्ये अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध होता. महाराष्ट्र संतापला आणि तो संताप योग्य होता. पण तो नेमका कशावर हवा, हे पाहायला हवं.

निबंध ही शिक्षा नव्हती, ती जामिनाची अट होती. बाल न्याय कायद्यात मुलाला जामीन हा नियम आहे आणि गरीब घरच्या मुलांसाठी तो नियम फार मोलाचा आहे. दुसरा मुद्दा प्रौढ म्हणून खटला चालवण्याचा. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर ‘निर्घृण’ गुन्ह्यात तसा खटला चालवता येतो, पण निर्घृण म्हणजे किमान सात वर्षं शिक्षा असलेला गुन्हा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये शिल्पा मित्तल निकालात ठरवून दिलं. सदोष मनुष्यवधाला अशी किमान शिक्षा नाही.

खरं भयंकर पुढे बाहेर आलं : रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप, डॉक्टरांच्या आणि कुटुंबातल्या मोठ्या माणसांच्या अटका. तिथे दोष कायद्याच्या मवाळपणाचा नव्हता, पैशाने यंत्रणा वाकवता येते या समजुतीचा होता. कायदा कडक केला असता तर तो कडकपणा भिवंडीच्या झोपडपट्टीतल्या पोराच्या वाट्याला आला असता आणि पैसेवाल्याने तेव्हाही नमुने बदलायचा प्रयत्न केलाच असता. मुलांना प्रौढांच्या तुरुंगात घातलं की ती तिथल्या सराईतांच्या हाताखाली तयार होतात. मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा १९२४ सालीच आला, त्याच्या मागे हाच अनुभव होता.

तुरुंगात असलेले सगळे गुन्हेगारच असतात ना?

नाही, आणि या विषयातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांतले तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. तुरुंगांची क्षमता शंभर माणसांची असेल तर आत एकशे एकतीस होती. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात तर वर्षानुवर्षं क्षमतेच्या कित्येक पट माणसं कोंबलेली असतात. रात्री झोपताना पाय कुणाच्या अंगावर जाईल, यावरून मारामाऱ्या होतात.

यांतले कित्येक जामीन मिळूनही आत असतात, कारण जातमुचलका पुरत नाही आणि जामीनदार आणायचा तर त्याच्याकडे घर, पगाराची पावती, रेशनकार्ड लागतं. परप्रांतातून कामाला आलेल्या, फुटपाथवर राहणाऱ्या माणसाने ते कुठून आणायचं? नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत. तरतूद चांगली आहे. तुरुंग अधीक्षकांनी दर महिन्याला यादी काढून न्यायालयात अर्ज दिले तरच ती माणसांपर्यंत पोहोचेल.

‘कडक शिक्षा की सुधारणा’ हा वाद घालताना लक्षात ठेवा : तुरुंगातल्या बहुसंख्यांना अजून शिक्षाच सुनावलेली नाही, आणि सुधारणेचे बहुतेक कार्यक्रम फक्त पक्क्या कैद्यांसाठी आहेत.

सुधारणेचा प्रयोग आपल्याकडे खरोखर कुठे झाला आहे का?

झाला आहे, आणि तो आजही चालू आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ साल. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला राज्यकारभार सोपवला, त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश अभियंता संस्थानात काम करत होता. हिंदुस्थानात आल्यावर त्याने भारतानंद हे नाव घेतलं होतं. त्याच्या कल्पनेतून माणदेशच्या दुष्काळी माळरानावर खुनासारख्या गुन्ह्यांतल्या कैद्यांना भिंतीशिवाय, बेड्यांशिवाय राहायला पाठवलं गेलं. त्यांनी जमीन फोडली, पिकं काढली. पुढे त्यांना बायकामुलांसह राहण्याची मुभा मिळाली. संस्थान विलीन झालं, राज्यं बदलली, वसाहत टिकली.

तिचं नाव अनेकांनी ऐकलेलंही नसतं याची मला खंत वाटते. पुणे-मुंबईच्या चर्चांत आपण थेट स्कँडिनेव्हियाचे दाखले देतो आणि माणदेशातल्या या वसाहतीला विसरतो. तिथे काम कशामुळे झालं, याचा विचार केला तर तीन गोष्टी दिसतात. पहिली, निवड : तुरुंगात काही वर्षं चांगल्या वर्तनाने काढलेल्या, शिक्षेचा बराच भाग संपलेल्या कैद्यालाच तिथे पाठवतात. दुसरी, काम : शेतीचं, रोजचं, ज्याचं पीक डोळ्यांना दिसतं. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत मोठी, कुटुंब. पोरं शेजारी झोपलेली असताना पळून जाऊन मिळवायचं काय? पळणाऱ्याला आपण काय गमावणार ते ठाऊक असतं, म्हणून भिंत लागत नाही.

महाराष्ट्रात पैठण, विसापूर अशा ठिकाणीही खुली कारागृहं आहेत. राजस्थानात जयपूरजवळच्या सांगानेरला कैदी कुटुंबासह राहतात आणि दिवसा बाहेर नोकरी-धंदा करतात. २०२४ मध्ये अशा खुल्या कारागृहांच्या जमिनीला कात्री लावू नका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. बंदिस्त तुरुंगापेक्षा इथे पहारेकरी कमी लागतात, खर्च कमी येतो. तरीही देशातल्या कैद्यांपैकी फारच थोडे तिथे पोहोचतात. कुणी पळालं तर आपली नोकरी धोक्यात येईल, ही अधिकाऱ्यांची भीती आड येते.

नॉर्वेत कैद्यांना हॉटेलसारखं ठेवतात म्हणे. आपल्याला परवडेल का ते?

हाल्डेन तुरुंगातली स्वच्छ खोली आणि बास्तोय बेटावरच्या तुरुंगातली शेती यांची छायाचित्रं फिरतात, बाकीचं सांगितलं जात नाही. तिथे नेहमीच्या गुन्ह्यांसाठी जास्तीत जास्त शिक्षा २१ वर्षं आहे, पण धोकादायक माणसाला ‘संरक्षक कैदे’त ठेवून ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवता येते. २०११ मध्ये ७७ जणांना ठार मारणाऱ्या आन्देर्स ब्रेविकला तीच कैद झाली. २०२२ मध्ये त्याने सुटकेचा अर्ज केला, तो फेटाळला गेला.

पुन्हा गुन्हा करण्याच्या आकड्यांची तुलनाही जपून करावी. अमेरिकेचा गाजलेला आकडा ‘पुन्हा अटक झालेल्यां’चा असतो, नॉर्वेचा ‘पुन्हा शिक्षा झालेल्यां’चा, आणि दोन्हीकडची वर्षंही वेगळी. फरक मोठा आहे हे खरं, पण जेवढा सांगितला जातो तेवढा तो नाही. आपल्याकडे तर सुटल्यावर माणसाचं काय झालं, याचा माग ठेवणारी राष्ट्रीय नोंदच नाही. तुरुंगात येणाऱ्यांत सराईत किती, एवढंच मोजलं जातं. ज्या व्यवस्थेत निकाल मोजतच नाहीत, तिथे कडक बाजूलाही आणि सुधारणेच्या बाजूलाही छातीठोकपणे बोलणं कठीण जातं. नॉर्वेच्या खोल्यांपेक्षा त्यांची मोजण्याची सवय आधी उचलावी.

प्रत्येक माणूस सुधारतोच का?

नाही. काही माणसं धोकादायकच राहतात आणि त्यांना समाजापासून दूर ठेवावं लागतं. फक्त हे आधीच, गुन्ह्याचं नाव वाचून ठरवता येत नाही. संतापाच्या भरात खून केलेला शेतकरी पुन्हा कधी हात उचलत नाही आणि किरकोळ चोऱ्यांत अडकलेला व्यसनी मात्र उपचाराअभावी पंधरा वेळा आत-बाहेर करतो, हे तुरुंगातले कर्मचारीही सांगतात.

काही जमातींमध्ये गुन्हेगारी रक्तातच असते, असं गावात म्हणतात.

हे खोटं आहे. असं बोलणं इंग्रजांच्या कायद्यातून आलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. मुंबई इलाख्यात पारधी, कैकाडी अशा कित्येक समाजांच्या लोकांना सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारेच्या ‘सेटलमेंट’मध्ये डांबून दररोज हजेरी घेत. गुन्हा नाही, खटला नाही, लहान पोरंसुद्धा आत. १९५२ च्या ऑगस्टअखेर तो कायदा रद्द झाला, म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पण शिक्का गेला नाही. जिल्ह्यात कुठे दरोडा पडला की आजही पोलिसांची गाडी आधी पालावर जाते.

कडक धोरणाच्या समर्थकांनी या इतिहासाचा विचार करावा. शिक्षेचा धाक हेच एकमेव साधन ठरलं की तो धाक ज्यांच्याकडे वकील नाही त्यांच्यावर आधी वापरला जातो. मुंबईतल्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवरून कामवाटप करणारी नियमावली घटनाबाह्य ठरवली. सफाई कोणी करायची आणि स्वयंपाक कोणी, हे जातीने ठरत होतं, तेही स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षांनी.

या सगळ्यात पीडितांचं काय? त्यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही.

ही तक्रार बरोबर आहे. आपल्या पद्धतीत पीडित म्हणजे सरकारी पक्षाचा साक्षीदार. तारीख पडली तर त्याला कुणी कळवत नाही, आरोपी जामिनावर सुटला तर तो रस्त्यात दिसल्यावर कळतं.

अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक फौजदारी खटल्यात नुकसानभरपाईचा विचार करणं न्यायालयाचं कर्तव्य आहे, आणि ती द्यायची नसेल तर कारण नोंदवावं. त्याच वर्षी महाराष्ट्राने बलात्कार, बालकांवरचे अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी मनोधैर्य योजना आणली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिचं काम चालतं. पैसे उशिरा मिळतात, हे वारंवार ऐकू येतं आणि न्यायालयांनीही त्यावर ताशेरे ओढले आहेत.

आरोपीला फाशी झाली म्हणून मुलीच्या उपचारांचा, शाळा बदलण्याचा, घरभाड्याचा खर्च भागत नाही. सुधारणा आणि पीडितांचा हक्क यांत भांडण लावून देण्याची गरज नाही. कैद्याने कमावलेल्या मजुरीतला वाटा पीडितांच्या निधीत गेला तर दोन्ही गोष्टी साधतात.

समाजसेवेची शिक्षा म्हणजे काय?

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तेव्हा ही शिक्षा पहिल्यांदा मूळ यादीत आली. पाच हजारांच्या आतली चोरी पहिल्यांदाच केली आणि वस्तू परत दिली, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घातला, बदनामी केली, अशा मोजक्या गुन्ह्यांपुरती. दवाखान्यात, बागेत काम करून घेणारी आणि त्याची नोंद ठेवणारी माणसं नेमली तरच तिला अर्थ येईल. याआधीपासून १९५८ चा परिवीक्षा कायदा, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याचा कायदा, आहे : एकवीस वर्षांखालच्या गुन्हेगाराला कारण नोंदवल्याशिवाय तुरुंगात पाठवू नये, असं त्यात लिहिलं आहे. परिवीक्षा अधिकारी जिल्ह्यात मोजके, म्हणून तो पडून असतो.

सुटून आलेल्या माणसाला काम कोण देतं?

बहुतेक कुणीच नाही. चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यावर गुन्हा दिसतो आणि सुरक्षारक्षकापासून डिलिव्हरीच्या कामापर्यंत सगळी दारं बंद होतात. तुरुंगातली मजुरी दिवसाला शंभर रुपयांच्या आत, त्यामुळे हातात भांडवल नाही.

तरी काही दारं उघडली आहेत. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची केंद्रं तुरुंगात चालतात आणि शिक्षण पूर्ण केलं तर शिक्षेत सूट मिळते. १ मे २०२२ रोजी राज्य सहकारी बँकेने येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना सुरू केली. त्यात कैद्याला त्याच्या मजुरीच्या आधारावर सात टक्के व्याजाने पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळू शकतं. त्यातून मुलीची फी भरली जाते, वकिलाचे पैसे दिले जातात, गहाण पडलेलं घर सुटतं. घराचा कर्ता आत असतानाही कर्ता राहतो, याचं मोल आकड्यात मांडता येत नाही. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैदी आणि सुटून आलेल्यांसोबत काम करतो.

तुमच्याकडे दुकान, वर्कशॉप, शेत असेल आणि असा माणूस कामाला आला, तर त्याला गुन्ह्याबद्दल थेट विचारा. कुठल्या कलमात होता, किती वर्षं काढली, आत काय शिकला. खरं सांगणाऱ्याला सुरुवातीला रोजंदारीवर ठेवून पाहा. आपल्या तुरुंगांत सुतारकाम, शिवणकाम, बेकरी, लोहारकाम शिकवलं जातं, आणि कसबी माणसाची कमतरता तर सगळीकडेच आहे.

घरातलं कुणी आत असेल तर मोफत वकील मिळतो का?

मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीत असलेल्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांनाही आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे साध्या कागदावर अर्ज चालतो. आतला कैदी तुरुंगातल्या विधी साहाय्य केंद्रामार्फत अर्ज करू शकतो. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. अर्जात कैद्याचं पूर्ण नाव, गुन्हा नोंद क्रमांक, पोलीस ठाणं आणि अटकेची तारीख लिहा. अटकेची तारीख विसरू नका, कारण कलम ४७९ चा हिशेब त्याच तारखेपासून सुरू होतो.